महिला दिनाचा कार्यक्रम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

८ मार्चसाठी प्रमुख पाहुण्या शोधण्यापूर्वी आपल्याच चाळीतील वयस्कर स्त्रियांकडे जावे, असे मी तुम्हाला आग्रहाने सुचवीन. गिरणगावात खाणावळ चालवून गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या, किंवा १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्या बहुतेक आठवणी कोणी लिहून घेतलेल्या नाहीत. “माझं काय सांगायचं?” असे म्हणून त्या विषय टाळतात, अशा वेळी प्रश्नावली न काढता एखादा जुना फोटो पुढे करावा, म्हणजे बोलणे आपोआप सुरू होते. फोटो मोबाइलवर टिपून मूळ प्रत त्याच दिवशी परत करावी. आमच्या हातून एका आजींचा लग्नाचा एकुलता एक फोटो गहाळ झाला, त्याची चुटपुट अजून गेलेली नाही. प्रदर्शनातील पाटीवर ‘अमक्यांच्या मातोश्री’ असे न लिहिता बाईंचे स्वतःचे नाव, माहेरच्या गावासह, लिहावे. भाषणे दोनच पुरेत. हळदीकुंकू ठेवणार असाल तर पहिला मान विधवा स्त्रियांना द्यावा. थोडी कुरबुर होईल, ती होऊ द्यावी.