वाचनात अडणाऱ्या मुलांना इतिहास शिकवताना

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आठवीच्या वर्गातील काही मुले जोडाक्षर आले की अडतात, म्हणून त्यांच्यापुरता सविनय कायदेभंगाचा पाठ दहा ओळींत उतरवून खाली रिकाम्या जागा द्याव्यात, असा तुझा विचार दिसतो. हेतू चांगला असला तरी मला तो मार्ग पटत नाही. या मुलांची अडचण वाचनाची आहे, विचाराची नव्हे. आणि सारांशातून सर्वांत आधी गळतात ती कारणे. उरतात नावे आणि सनावळी, जी घोकण्यावाचून मुलाला गत्यंतर राहत नाही.

पाठाची सुरुवात पुस्तकातून करूच नकोस. फळ्यावर पश्चिम किनारा काढ आणि तोंडी सांग की १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले, ६ एप्रिलला त्यांनी दांडीला मिठाचा कायदा मोडला आणि मे महिन्यात आपल्याच वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याला, मिठाचा सत्याग्रह झाला. मग विचार, की त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला लोक जमले ते मिठासाठी न जमता जंगलाच्या कायद्याविरुद्ध का जमले? मिठागर पाहिलेल्या मुलाला ठाऊक असते की पाऊस सुरू झाला की मीठ पिकत नाही. एवढे एकच कारण नव्हते. रानातील लाकूडफाटा आणि चराई यांवरील निर्बंधांचा जाच स्वतंत्र होता आणि तोही तुला सांगावा लागेल. परंतु एकही ओळ न वाचता तो मुलगा कारणांची जुळणी करू लागलेला असतो.

पुस्तक त्यानंतर उघडावे, पण उघडावे हे नक्की. केवळ ऐकवून पाठ संपवला, तर मूल आहे तिथेच राहते. एका तासाला एक परिच्छेद पुरे. आपल्या पाठ्यपुस्तकी इतिहासाची खरी अडचण मला जोडाक्षरांपेक्षा वाक्यरचनेत दिसते. ‘कर लादण्यात आला’, ‘कायदा संमत करण्यात आला’, ‘सत्याग्रहींना अटक करण्यात आली’ अशा वाक्यांत करणारा कुठेच नसतो. अक्षरे लावण्यातच ज्याची सारी शक्ती खर्ची पडते, त्याला वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत कोणी, कोणाविरुद्ध, काय केले याचा पत्ता लागत नाही. अशी वाक्ये मुलांसमोर फळ्यावर फोडून लिही: सरकारने मिठावर कर बसवला होता. लोकांनी कायदा मोडून मीठ तयार केले. पोलिसांनी त्यांना पकडले. प्रत्येक वाक्याला ‘कोणी?’ असे विचारण्याची सवय लागली, की वाचन सुधारते आणि इतिहासाचा अभ्यासही त्याच प्रश्नातून पुढे जातो. हा सराव भराभर वाचणाऱ्या मुलांकडूनही करून घे, कारण त्यांच्यातही न समजता वाचणारे पुष्कळ असतात. (पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनाही तो द्यावा, असे मला अनेकदा वाटते.)

अडखळणाऱ्या मुलाला सर्वांसमोर अचानक उभे करून वाचायला लावू नकोस. उद्याचा परिच्छेद आज दे, तुझ्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दे आणि ऐकताना ओळीवर बोट ठेवून वाचायला सांग. उत्तर त्याने मालवणीत दिले तरी आधी ते पूर्ण ऐकून घे. प्रमाण मराठीत ते उतरवण्याचे काम नंतर दोघांनी मिळून करावे.

मात्र प्रत्येक अडणाऱ्या मुलाला अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन शिकण्यात येणारी मूळचीच अडचण आहे, असे समजू नकोस. आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत, आणि खालच्या इयत्तांत त्याची शाळा किती बुडाली हेही पालकांना विचारावे. त्यानंतरही शंका उरली, तर अधिकृत तपासणी आवश्यक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. कागदपत्रांना वेळ लागतो आणि तपासणीसाठी गावाबाहेर जावे लागते. त्यामुळे दहावीच्या दिवाळीपर्यंत न थांबता, ही मुले नववीत गेल्याबरोबर मुख्याध्यापकांकडे विषय काढ. लेखनिकाला सांगून लिहवून घेणे हेही शिकावे लागते, तेव्हा नववीच्या घटक चाचण्यांपासूनच त्याचा सराव सुरू करता येईल.