९ वर्षं जुनं सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन नुसतं गुणगुणतं, फिरत नाही. दुरुस्त करू की नवीन फुल्ली ऑटोमॅटिक घेऊ?

दुरुस्त करा.

धुण्याच्या बाजूची मोटर गुणगुणते पण तळाची चकती हलत नाही, म्हणजे बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. मोटरला सुरुवातीचा रेटा त्याच्यामुळे मिळतो. तो कमजोर झाला की मोटरपर्यंत वीज पोहोचते, पण मोटर जागची हलत नाही. मोटर फिरल्याचा नीट आवाज येतो आणि चकती मात्र थांबलेली, असं असेल तर बेल्ट. प्लग काढून चकती हाताने फिरवून बघा. जड लागली तर खाली पायमोजा किंवा नाणं अडकलं असेल, नाहीतर शाफ्ट गंजला असेल. यातलं काहीही मशीन टाकून देण्याएवढं मोठं नाही.

तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, "९ वर्षं झाली, पैसे वसूल झाले." हेच वाक्य मी २०१९ मध्ये दादाच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही लातूरचे. आईचं सेमी ऑटोमॅटिक २०१० मध्ये घेतलेलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लागलं होतं, ते आठवत असेल तुम्हाला. त्या दिवसांत आमचं धुणं याच मशीनवर निघालं. आई साबणाच्या एकाच पाण्यात आधी पांढरे कपडे काढायची, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. खळबळलेलं पाणी ड्रेनच्या पाइपने बादलीत, बादलीतून फरशीला आणि संडासला. पाणी किती घ्यायचं, कधी सोडायचं, हे तिच्या हातात होतं. मशीनने तिला कधी अडवलं नाही.

२०१९ च्या दिवाळीआधी ते गुणगुणायला लागलं, अगदी तुमच्यासारखंच. आमच्या मेकॅनिक मामांना फोन केला. ते म्हणाले, "कंडेन्सर असेल ताई, रविवारी येतो." शनिवारी दादा पुण्याहून आला. मी ट्रेनिंगसाठी सोलापूरला होते. रविवारी रात्री परत आले तर मोरीशेजारी नवं कोरं फ्रंट लोड, म्हणजे समोर दार असलेलं फुल्ली ऑटोमॅटिक उभं, आणि जुनं एक्स्चेंजमध्ये १,२०० रुपयांना गेलेलं.

मी म्हटलं, "दादा, मामा आज येणार होते रे. थांबायचंस की."

"किती दिवस भंगार सांभाळायचं? आईने जन्मभर ओले कपडे या टबातून त्या टबात टाकत बसायचं का?"

त्याला आईची काळजी होती, हे मी कधीच नाकारलं नाही. पण मशीन घेताना त्याने एकदाही नळ सोडून बघितला नाही.

आमचं घर बैठं आहे. टाकी गच्चीवर, मशीनच्या नळापासून जेमतेम ८ फूट वर. फुल्ली ऑटोमॅटिकला पाणी दाबाने लागतं. आमच्याकडे ते इतकं हळू चढायचं की मशीन वाट बघून थांबायचं आणि एरर दाखवायचं. कपडे आत भिजलेले, दार लॉक, वरून बादली ओतायची सोय नाही. सर्व्हिसचा माणूस म्हणाला, प्रेशर पंप बसवा. बोअरचं पाणी जड, म्हणून क्षार काढायची पावडर वेगळी. आणि आईने दोनदा-तीनदा वापरलं असतं ते पाणी प्रत्येक वेळी सरळ गटारात. हे तिला बघवेना. ६६ व्या वर्षी ती पुन्हा मोरीत बसून हाताने धुवायला लागली. मी शाळेतून यायच्या आत उरकून टाकायची. तिची मनगटं सुजलेली दिसली तेव्हा मला कळलं.

जानेवारीत मामांकडूनच दुरुस्त केलेलं एक जुनं सेमी ऑटोमॅटिक ३,५०० रुपयांना घेतलं. ते आजही चालू आहे. एकदा बेल्ट, एकदा पिळायच्या बाजूची ब्रेकची तार, एकदा कंडेन्सर, सगळं मिळून २,००० सुद्धा झाले नाहीत. दादा अजून म्हणतो, "आईला नवीन शिकायचंच नव्हतं." भाजीवाल्याला फोनवरून पैसे देणारी बाई तीन बटणं शिकली नसती का? शिकायची तयारी होती, पाणी नव्हतं.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर बदला, असं सगळे सांगतात. मला तो हिशोब पटत नाही. त्यात स्टँड, पंप, जास्तीचं पाणी कोणी धरत नाही. शिवाय सेमी ऑटोमॅटिक साध्या चावीच्या टायमरवर चालतं. फुल्ली ऑटोमॅटिकचं इलेक्ट्रॉनिक कार्ड उडालं तर त्या एका भागालाच हजारो रुपये जातात.

आता हेही सांगते: टब तडकला असेल किंवा खालचा पत्रा गंजून मोटर लोंबायला आली असेल तर पैसे घालू नका. बॉडीला करंट लागत असेल तर मशीन लगेच बंद ठेवा आणि आधी घरचं अर्थिंग तपासून घ्या. चोवीस तास पाणी, वरच्या मजल्यावर मोठी टाकी असं घर असेल तर फ्रंट लोड खरंच चांगलं, कपडे कमी झिजतात आणि चांगले पिळून निघतात. कंडेन्सरला मात्र स्वतः हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते आणि जोरदार झटका बसू शकतो. जुन्यावर मायक्रोफॅरॅडचा (कंडेन्सरच्या क्षमतेचा) जो आकडा छापलाय तोच नवा टाकायला सांगा. मेकॅनिकने हाताशी आहे तो बसवला तर मोटर तापते.

तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं आणि टाकी नळापासून किती उंच आहे, हे प्रश्नात कुठेच नाही. ते लिहा, मग नव्या मशीनबद्दल बोलू.