तार दिसत का नाही?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत शेतीफवारणीच्या हेलिकॉप्टरचा पायलट व्हायला निघालाय. तारांना धडकून अपघात होतात म्हणे, पण एवढ्या उजेडात तार दिसत नाही असं कसं?

उत्तर: ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. फवारणी पिकाच्या जेमतेम दहा फूट वरून होते, वेग ताशी शंभर किमीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सत्तावीस-अठ्ठावीस मीटर, आणि जुनी करडी पडलेली तार मागच्या झाडीत अशी मिसळते की दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पायलट तार नाही, खांब शोधतात आणि ओलांडायचं तर खांबाच्या डोक्यावरूनच. हायटेन्शन लाइनच्या सगळ्यात वर एक बारीक अर्थ वायर, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी तार असते, जाड तारा दिसल्या की नजर तिथेच अडकते आणि ती सुटते.

आणि वाईट वाटतं ते हे की बऱ्याचदा ती तार पायलटला आधीच माहीत असते, कामाच्या नादात विसरली जाते. केबिनच्या वर-खाली वायर कटर बसवतात, पण सगळ्याच धडकांत ते वाचवतील असं नाही.

वारा मोजायचे बारीक टॉवर वेगळेच. २०० फुटांच्या आत असले की रंग-दिवा सक्तीचा नसायचा, २०११ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात अशाच टॉवरला शेतीचं विमान धडकून पायलट गेला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं अशा टॉवरच्या मार्किंगचा कायदा केला.

भाच्याला एवढंच सांगा, टाकी भरण्याआधी शेताला वरून एक चक्कर मारायची, रोजचं शेत असलं तरी.