मुंबईतल्या बँका आणि ऑफिसं फोर्ट-बॅलार्ड इस्टेटमध्येच का जमली?

सोपंय, बंदर तिथेच होतं म्हणून. टाऊन हॉलसमोर आता हॉर्निमन सर्कलची बाग आहे ना, तिथे आधी नुसतं मोकळं मैदान होतं आणि कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या, आणि १८५०च्या सुमारास शेअर दलाल तिथेच वडाखाली उभं राहून सौदे करायचे. मग १८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि लोक वेड्यासारखे शेअर घेत सुटले, त्यात समुद्र बुजवायच्या कंपन्यासुद्धा! १८६५ला युद्ध संपलं, सगळा फुगा फुटला, भलेभले बुडाले. दलालांनी १८७५ला रीतसर संघटना केली, तीच आजची बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार.

बॅलार्ड इस्टेट मात्र बरंच नंतरचं. अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) खणताना निघालेली माती टाकून बंदराचा कारभार बघणाऱ्या पोर्ट ट्रस्टने ही जमीन केली आणि वास्तुकार जॉर्ज विटेटने बिल्डिंगी अशा आखल्या की सगळा रस्ता एकसारखा दिसतो, रविवारी गर्दी नसताना बघा. नाव पोर्ट ट्रस्टच्या पहिल्या चेअरमनचं, कर्नल बॅलार्डचं. पूर्वी बोटीतून उतरलं की तिथल्याच स्टेशनवरून थेट पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेल गाडी मिळायची.