लाल डोळा: दुखतोय का, नीट दिसतंय का?

प्रश्न: रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) बघायला गेलो होतो, डोळ्यात गुलाल गेला. घरी भावाचे जुने ड्रॉप्स होते ते टाकले, लाली उतरली पण आता चौथ्या दिवशी परत लाल, उजेडाकडे बघवत नाही.

उत्तर: दादा, ते ड्रॉप्स बंद करा आणि बाटली खिशात घालून आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बाटली कशाला, तर त्यावर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड, लाली झटकन उतरते म्हणून घरोघरी फ्रीजमध्ये पडलेलं असतं, पण बुबुळावर ओरखडा असून त्यात इन्फेक्शन शिरलं असेल तर वरून डोळा बरा दिसतो आणि आत जखम चरत जाते, मग फूल (पांढरा डाग) पडतं ते कायमचं. उजेड न सोसणं ही बुबुळाची तक्रार आहे, साधे डोळे आले तर एवढं होत नाही. डॉक्टर नारिंगी रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात बघतील, ओरखडा असला तर हिरवा चमकतो. वरची पापणी उलटून बघायलाही सांगा, कण बऱ्याचदा तिथेच चिकटलेला असतो.

पुढच्या वेळी चोळू नका, नळाखाली १५-२० मिनिटं धुवा. पानाचा चुना उडाला तर अर्धा तास, तो फार खोल जातो.

प्रश्न: आईला (६४) काल रात्रीपासून एक डोळा लाल, अर्धं डोकं दुखतंय, दोन उलट्या झाल्या. घरचे म्हणतात ॲसिडिटी. बल्बभोवती रंगीत कडं दिसतं म्हणते.

उत्तर: हे वाचत बसू नका, आईला गाडीत बसवा. काचबिंदूचा अटॅक असू शकतो. उलटीमुळे लोक पोटाच्या मागे लागतात आणि डोळा राहून जातो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता रागच येतो. टॉर्च मारली तर बाहुली मोठीच राहते, आकसत नाही, बुबुळ धुरकट दिसतं. डोळ्याचं प्रेशर एरवी १० ते २१ असतं, अटॅकमध्ये ५०च्या वर जातं आणि दृष्टीची नस काही तासांत खराब व्हायला लागते. प्रेशर उतरलं की बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला लेझरनं बारीक भोक पाडतात, आणि दुसऱ्या डोळ्यालाही पाडतात, कारण पुढची पाळी त्याची असू शकते.

प्रश्न: सकाळी आरशात बघितलं तर पांढऱ्या भागात रक्ताचा डाग! दुखत नाही, दिसतंय नीट.

उत्तर: काका, घाबरू नका. जोरात शिंक, खोकला, कुंथणं, एवढ्यानंही बारीक नस फुटते. दोन आठवड्यांत पिवळट होत विरेल. ड्रॉप्स नकोत, बीपी मात्र मोजा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: मुलाचे डोळे आलेत. सासूबाई म्हणतात त्याच्याकडे बघू नका, काळा चष्मा घाला.

उत्तर: ताई, नजरेनं येत नाहीत हो, हातानं आणि टॉवेलनं येतात. चष्म्यानं त्याला उजेडाचा त्रास कमी होईल, बाकी काही नाही. त्याचा नॅपकिन, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, शाळा थोडे दिवस बुडू दे. पाणी वाहत असेल तर बहुतेक व्हायरल, अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. पापण्या पिवळ्या चिपडांनी चिकटत असतील तर दाखवा. आणि नुसती खाज, तीही दोन्ही डोळ्यांना, असेल तर ॲलर्जी, मग सासूबाईंना सांगा की खुशाल बघा त्याच्याकडे.