सिगारेट सुटली, पण जेवणानंतरची ती दहा मिनिटं?

"पहिला आठवडा जीव नकोसा झाला होता, तरी टिकलो. आता दोन महिने होत आले, अंगाला काही त्रास नाही, मग मन का डळमळतंय?" पन्नाशीतल्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. सिगारेट सोडलेले बरेच जण साधारण याच टप्प्यावर माझ्याकडे येतात.

निकोटिन बंद झाल्याचा शारीरिक त्रास पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांचा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तेवढे दिवस घरचेही पाठीशी असतात, रोज चौकशी करतात. मग सगळ्यांना वाटतं, सुटली एकदाची! कौतुक थांबतं आणि माणूस आपल्या सवयीपुढे एकटा उरतो. अशा वेळी 'माझीच इच्छाशक्ती कमी' असं कुणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं, कारण ते खरं नसतं.

"दिवसातली कुठली वेळ अवघड जाते?" मी विचारलं.

"जेवणानंतरची. आणि मॅडम, हल्ली तिखटही सोसत नाही. दोन घासांत तोंड पोळतं, आणि तोंड पोळलं की सिगारेट हटकून आठवते." हे सांगताना त्यांचा हात शर्टाच्या रिकाम्या खिशाकडे गेला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

धुरामुळे बोथट झालेली चव सिगारेट सुटल्यावर परत येते, त्यामुळे तेच जेवण जास्त झणझणीत लागू शकतं. काहींना सुरुवातीच्या आठवड्यांत तोंडही येतं. त्यांना मात्र हे नवंच दुखणं वाटत होतं, आणि सोडून काय मिळालं, असा विचार मनात घर करू लागला होता.

तोंड पोळलं की ते घटाघटा पाणी प्यायचे. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे आग शमत नाही. उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच ते चेतवतं, म्हणून न भाजताही भाजल्यासारखं वाटतं. थंड दूध किंवा दही तोंडात थोडा वेळ घोळवलं तर दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं आणि जळजळ कमी होते. जिभेवर चिमूटभर साखरही चालते. काहीच केलं नाही तरी ती हळूहळू उतरते.

तलफेचंही तसंच. एकेक झटका बहुधा काही मिनिटांत ओसरतो. म्हणून आम्ही त्या दहा मिनिटांचंच ठरवलं: काही दिवस तिखट कमी, जेवण झालं की रेंगाळायचं नाही, थोडं दूध, चूळ, आणि पत्नीबरोबर एक फेरी. पत्नीलाही मी बोलावून घेतलं. चौकशी थांबवू नका, एवढंच त्यांना सांगितलं.

सिगारेट सोडण्याचं कारणही नव्याने लिहायला लावलं. आधीचं होतं छातीत दुखण्याची भीती. दुखणं थांबलं तसं ते विरलं. वर्षभर टिकलं तर धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, हे मी सांगितलं. त्यांनी मात्र लिहिलं, "जिना चढताना धाप लागत नाही." मला तेच जास्त भरवशाचं वाटलं.

मधे एकदा एक सिगारेट ओढली गेली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते फोन करून सांगितलं आणि पुन्हा सुरुवात केली. तलफ आवरतच नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी घेता येते. आणि तोंडातलं एखादं व्रण दोन-तीन आठवड्यांत भरलं नाही तर तिखटाला दोष देत बसू नका, दातांच्या डॉक्टरांना दाखवा.