गाडीचा रंग सांभाळायचा तर आधी फडकं सांभाळा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेली निम्मी पत्रं एकच गोष्ट विचारतायत, की गाडी रोज पुसतो तरी इतक्या लवकर जुनी का दिसायला लागली. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय, पण ते वाचल्याशिवाय पुढच्या उत्तरांकडे जाऊ नका, बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

प्रश्न : ताई, माझी काळी गाडी जेमतेम आठ महिन्यांची आहे. रोज सकाळी पुसतो, कधी ओल्या फडक्यानं, घाई असली की कोरड्याच. आता उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतात. सावलीत काहीच दिसत नाही. कंपनीतूनच रंग खराब आलाय का?

उत्तर : नाही हो दादा, रंग चांगला आहे, त्या रेषा पुसण्यामुळे पडल्यात. मन लावून गाडी पुसणाऱ्या माणसाला हे ऐकून फार वाईट वाटतं हे मला माहितीये, कारण मीही पहिल्या गाडीवर दोन वर्षं हेच करत होते आणि कोणीच सांगितलं नव्हतं.

आधी रंग म्हणजे काय असतं ते बघा. पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर तुमचा काळा रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतं आणि त्यातला क्लिअर कोट असतो 35 ते 50 च्या आसपास. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची चमक ज्याच्यामुळे आहे आणि जो वर्षानुवर्षं ऊन झेलतो तो थर केसापेक्षाही पातळ. आणि धुळीत काय असतं, तर वाळूचे बारीक कण, जे या थरापेक्षा कितीतरी कडक. कोरडं फडकं फिरवलं की ते कण फडक्याखाली दाबले जाऊन फरफटत जातात, आणि ओलं फडकंही एकदाच पिळून पूर्ण गाडीवर फिरवलं तर तेच होतं, फक्त जरा हळूहळू.

रेषा गोल का दिसतात याची एक गंमत आहे. चरे खरं तर सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून उजेडाभोवती गोल जाळं दिसतं. रात्री मोबाइलचा टॉर्च लावून बघा, टॉर्च हलवला की गोलही त्याच्याबरोबर सरकतो. काळ्या आणि गडद रंगावर हे जास्त दिसतं, पांढऱ्या गाडीवर चरे तेवढेच असतात पण लपून जातात.

आता काय करायचं. रोजचं पुसणं आजपासून बंद करा, अगदी ते मऊ पिसांचं ब्रशसुद्धा नको. नुसती कोरडी धूळ चार दिवस बसून राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही. आठवड्यानं किंवा पंधरा दिवसांनी नीट धुवा, आणि नीट म्हणजे असं : गाडी सावलीत घ्या, बॉनेटला हात लावून बघा गरम तर नाही ना, कारण गरम पत्र्यावर शाम्पू लगेच वाळतो आणि डाग सोडतो. चाकं सगळ्यात आधी, त्यांचं फडकं आणि ब्रश वेगळे, ते बॉडीला कधीच लावायचे नाहीत कारण चाकांवर ब्रेकचा बारीक लोखंडी भुगा असतो. मग पाइपनं टपापासून खाली भरपूर पाणी सोडा, हात न लावता जेवढी माती जाईल तेवढी पाण्यालाच नेऊ द्या, ही पायरी लोक उरकून टाकतात आणि सगळं नुकसान तिथेच होतं. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक पॅनल धुवा, मोजा आधी साध्या पाण्यात खळबळा, मग परत शाम्पूत. दुसरी बादली कशाला हे ज्यांना वाटतं त्यांनी धुऊन झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी हात घालून बघावा, ती सगळी रेती एका बादलीत राहिली असती तर परत गाडीवरच गेली असती. वरून खाली यायचं, दाराचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी, हात सरळ रेषेत आणि हलका, दाब नाही. परत पाणी मारा आणि जाड मऊ टॉवेल पॅनलवर पसरून पाणी शोषू द्या, रगडू नका. आणि मोजा किंवा टॉवेल जमिनीवर पडला तर झटकून वापरायचा नाही, बाजूला टाका आणि दुसरा घ्या.

जुन्या रेषा या धुण्यानं जाणार नाहीत, पण नव्या पडायच्या जवळजवळ थांबतील. जुन्यांचं पुढे पॉलिशच्या उत्तरात बघू.

प्रश्न : गाडीच्या शाम्पूऐवजी भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर चालते का? फेस तर मस्त येतो.

उत्तर : फेस येतो पण चिकटपणा काढायला बनवलेलं असतं ते, त्यामुळे गाडीवरचं वॅक्स, म्हणजे रंग सांभाळणारा मेणासारखा थर, तोही काढून नेतं. पावडर तर नकोच, ती जास्त क्षारीय असते आणि नीट विरघळली नाही तर तिचे कणच घासले जातात. गाडीच्या शाम्पूत घसरण असते, म्हणजे मातीचा कण रंगावर घासण्याऐवजी सरकतो, पैसे त्या घसरणीचे आहेत. पॉलिशच्या आधी जुनं वॅक्स उतरवायला म्हणून एखाद वेळी भांड्यांचं लिक्विड वापरलंत तर मी काही म्हणणार नाही, पण दर वेळी नको.

प्रश्न : गाडी धुतली की स्वच्छ दिसते पण हात फिरवला की खरखरीत लागते. जोरात घासलं तरी जात नाही.

उत्तर : जोरात घासणं आधी थांबवा. हे रंगात रुतून बसलेलं असतं, ब्रेकचा भुगा, डांबराचे थेंब, झाडाचा चीक, हवेतून उडालेले रंगाचे तुषार. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवर बोटं फिरवा, खरखर दुप्पट जाणवेल, बघायची सोपी पद्धत आहे. यावर क्ले बार मिळतो, मऊ मातीसारखी वडी असते. रंगावर त्याचंच लुब्रिकंट किंवा शाम्पूचं पाणी भरपूर मारायचं आणि वडी अलगद पुढेमागे फिरवायची, आधी अडखळते, मग एकदम गुळगुळीत चालायला लागते तेव्हा तेवढा भाग झाला. वडी काळी पडली की दुमडून आतली स्वच्छ बाजू घ्या, आणि खाली पडली तर सरळ फेकून द्या, कितीही नवी असली तरी, तिच्यात रुतलेला एक खडा पूर्ण दारावर चरे ओढेल. लोखंडी कणांसाठी फवारा मिळतो तो मारला की जांभळे ओघळ येतात, घाबरू नका, लोखंडाशी रिअ‍ॅक्शन झाली म्हणून तो रंग येतो, पण तो गाडीवर वाळू द्यायचा नाही. क्लेनंतर वॅक्स लावलंच पाहिजे, कारण जुनं संरक्षण त्यानं गेलेलं असतं. वर्षातून एकदा-दोनदा पुरे.

प्रश्न : गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिश करून घेतलं, दोन दिवस गाडी आरशासारखी होती, तीन-चार वेळा धुतल्यावर सगळ्या रेषा परत. आता घरीच मशीन आणून दर दोन महिन्यांनी पॉलिश करायचा विचार आहे. कोणती मशीन घ्यावी?

उत्तर : मशीन सांगते, पण आधी ते दर दोन महिन्यांनी डोक्यातून काढून टाका, कृपा करून. पॉलिश म्हणजे लावायची वस्तू नाही, ते क्लिअर कोट घासून कमी करणं आहे. चरा ही एक खाच असते, तिच्या आजूबाजूचा थर खाचेच्या तळापर्यंत घासला की खाच दिसत नाही. तो थर परत येत नाही. कंपाउंड, म्हणजे घासायची जास्त खरखरीत पेस्ट, जास्त कापतो, पॉलिश कमी कापतं, आणि वॅक्स काहीच कापत नाही, ते फक्त वर बसतं. हे तीन शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात आणि मग घोटाळा होतो.

तुमच्या रेषा परत आल्या याचं बहुधा कारण असं की त्या गेल्याच नव्हत्या. काही पॉलिशमध्ये तेलं आणि भराव असतो, तो खाचांत जाऊन बसतो, गाडी चमकते आणि शाम्पूनं भराव निघाला की मूळ चेहरा दिसतो. खरंच गेल्या का बघायचं असेल तर पॉलिश झाल्या झाल्या पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं एक पॅनल अलगद पुसून टॉर्च मारून बघा.

मशीनचं म्हणाल तर ड्युअल अ‍ॅक्शनवाली घ्या, जिचं पॅड फिरताना डुलतंही. रोटरी एकाच जागी गरगरते, उष्णता साठते आणि सवय नसलेल्या हातात कडेचा रंग बघता बघता उडतो. दाराच्या कडा आणि बॉडीच्या उठावदार रेषा इथे क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा, प्लॅस्टिकच्या काळ्या पट्ट्यांवरही लावा नाहीतर पांढरे डाग बसतील. आधी दीड वीत चौकोनावर सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशनं करून बघा, जमलं तर तेच पूर्ण गाडीला, नाही जमलं तरच एक पायरी वर. खोल चरे राहिले तर राहू द्या. नव्वद टक्के चमक आली आणि थर वाचला तर मी त्याला उत्तम काम म्हणेन, शंभरच्या मागे लागून क्लिअर कोट फोडलेल्या गाड्या मी पाहिल्यात आणि मग रंगकामाशिवाय इलाज नसतो. एकदा नीट करा आणि मग पहिल्या उत्तरासारखं धुवा, पुढची कित्येक वर्षं परत करायची गरज पडू नये. एक मात्र, गाडी मॅट रंगाची असेल तर पॉलिश अजिबात नाही, घासलेली जागा चकाकते आणि ते परत मॅट होत नाही.

प्रश्न : पक्ष्याची विष्ठा पडली होती, दोन दिवसांनी काढली तर खाली धुरकट चट्टा राहिला. धुऊन जाईना.

उत्तर : विष्ठा आम्लधर्मी असते, त्यात उन्हानं पत्रा तापला की क्लिअर कोट मऊ पडून पसरतो, आणि संध्याकाळी गार होताना वाळलेल्या विष्ठेच्या खडबडीत आकाराभोवतीच आक्रसतो. चट्टा म्हणजे तो ठसा. हलका असला तर हातानं पॉलिश केल्यावर जातो, खोल असला तर फिकट होतो एवढंच. पुढच्या वेळी दिसल्या दिसल्या ओलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या, पुसायचं नाही, त्यात दाण्यांचे आणि रेतीचे कण असतात. मी डिकीत पाण्याची बाटली आणि दोन जुनी मायक्रोफायबरची फडकी कायम ठेवते, फक्त याच्यासाठी. पाण्याच्या पांढऱ्या गोल डागांचं पण कोणीतरी विचारलंय, ते जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून गार पॅनलवर मिनिटभर लावा, लगेच धुवा आणि वर वॅक्स लावा.

प्रश्न : वॅक्स, सीलंट की सिरॅमिक कोटिंग? सिरॅमिक केलं की चरे पडतच नाहीत म्हणतात.

उत्तर : पडतात. सिरॅमिक म्हणजे रंगावर लावल्यावर वाळून कडक होणारा पारदर्शक द्रव. त्या 9एच कडकपणाची जाहिरात तुम्ही पाहिली असेल, ते 9एच पेन्सिलीच्या शिशाच्या कडकपणाच्या मापातलं आहे, वाळूचा कण त्यालाही ओरखडतो. दगड उडाला तर टवकाही उडतो, त्याच्यासाठी वेगळी जाड पारदर्शक फिल्म असते, पीपीएफ, ती साधारण 150 ते 200 मायक्रॉनची. सिरॅमिकचा खरा फायदा म्हणजे घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. पण खालच्या रेषा तशाच ठेवून लावलं तर त्या आतच बंद होतात, आणि लावताना पुसायला उशीर झाला तर डाग वाळून बसतो, तो मग पॉलिशनंच निघतो. थेंब वाळून क्षारांचे डाग त्याच्यावरही पडतात.

घरी पहिल्यांदाच करणाऱ्याला मी सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच पण कृत्रिम संरक्षण, सांगेन, पातळ लावा, थोडं वाळू द्या, पुसून घ्या, चार-सहा महिने निघतात. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून मिळतं, गडद रंगावर त्याची झळाळी मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते, पण महिना-दोन महिन्यांत परत लावावं लागतं, तेव्हा ज्यांना रविवारची सकाळ गाडीजवळ घालवायला आवडते त्यांच्यासाठी ते. संपलं कधी हे बघायला पाणी मारा, थेंब गोल उभे न राहता चादरीसारखं पाणी पसरून बसलं की वेळ झाली.

प्रश्न : चावीचा ओरखडा गेलाय. टूथपेस्टनं जातो का?

उत्तर : टूथपेस्ट दातांसाठी असते, त्यातले कण रंगासाठी मोजून घातलेले नसतात, ओरखड्याच्या जागी धुरकट पट्टा करून ठेवाल. नख आडवं फिरवा. नख अडत नसेल तर पॉलिशनं जाईल. अडत असेल तर तो क्लिअर कोटमधून खाली गेलेला असू शकतो, तिथे घासत बसू नका. पत्रा दिसत असेल तर मात्र थांबू नका, गंज धरायच्या आत टच-अप पेन लावा, रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो.

प्रश्न : गाडीला कव्हर घालावं का?

उत्तर : धुऊन, पूर्ण वाळवून, आणि वारा नाही अशा जागी गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर जरूर घाला. धुळीच्या गाडीवर घालायचं आणि रोज सकाळी ओढून काढायचं असेल तर नको, ते पण फडकंच झालं, फक्त गाडीएवढं मोठं.